घरांची गणती

भूकंप झाला कीं लोकांच्या तोंडीं दोनच प्रश्न येतात: आतां पुढचा केव्हां, आणि तो कोठें? ह्या प्रश्नांचें नेमकें उत्तर देणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे. भूगर्भशास्त्र पुष्कळ पुढें गेलें आहे. कोणत्या प्रदेशांत धक्के बसण्याचा संभव अधिक, हें तें सांगूं शकतें. परंतु अमुक दिवशीं, अमुक घटकेस, अमुक गांवीं जमीन हालेल, असें सांगण्याची विद्या जगांत कोणाजवळहि नाहीं, आणि कोणी तसें सांगूं लागला तर त्याजकडे कानाडोळा करावा हेंच बरें. मात्र ह्या दोन प्रश्नांच्या गर्दींत तिसरा एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. उद्यां धक्का बसलाच, तर आपल्या गांवांतील किती घरें उभीं राहतील, किती पडतील, आणि पडणाऱ्या घरांत त्या वेळीं किती माणसें असतील? ह्याचें उत्तर बऱ्याच अंशीं आधीं काढून ठेवितां येतें. तें कसें काढतात आणि त्यापासून आपल्यासारख्या प्रपंची माणसांनीं काय घ्यावें, हा ह्या महिन्याचा आमचा विषय आहे.

उदाहरणासाठीं आम्ही मुंबई किंवा दिल्ली न घेतां यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव घेत आहों. मोठ्या शहरांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. यवतमाळाहून धामणगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, काळ्या जमिनीचें व कापसाचें हें तालुक्याचें गांव भूकंपाच्या संबंधांत कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं, आणि म्हणूनच तें आम्हांस हवें आहे. १० जुलै २०२४ रोजीं सकाळीं सव्वासातच्या सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ रिश्टरचा धक्का बसला. त्याच वर्षीं ४ डिसेंबर रोजीं तेलंगणांतील मुलुगू जिल्ह्यांत ५.३ रिश्टरचा धक्का बसला व तो नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत जाणवला. मांडणीवरचीं भांडीं वाजलीं, टांगलेले दिवे हालले, लोक दारापुढें आले. आणि दोन दिवसांनीं सारें विसरून जो तो आपल्या उद्योगास लागला.

"आमचा भाग भूकंपाचा नव्हे," असें येथें कोणी म्हणेल, आणि त्याच्या म्हणण्यास आधारहि आहे. २००२ सालीं देशाचे जे चार भूकंपविभाग पाडण्यांत आले, त्यांत विदर्भाचा बराच मोठा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत दाखविलेला होता. परंतु अशाच आधारावर लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील लोकहि एके काळीं निर्धास्त होते. त्या वेळच्या नकाशांत किल्लारी व सास्तूर हा टापू अगदीं खालच्या पायरीवर होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून उशिरां निजलेलीं माणसें गाढ झोपेंत असतांना, पहांटे चारला चार मिनिटें कमी असतांना धक्का बसला. त्याचें माप सव्वासहाच्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबानें मध्यमच. एवढ्या मापाचा धक्का जपानांत बसला आणि एकहि मनुष्य दगावला नाहीं, असें पुष्कळदां घडतें. येथें सुमारे आठ हजार माणसें मेलीं, आणि पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. त्याच्याहि आधीं, ११ डिसेंबर १९६७ रोजीं, कोयनानगरास असाच पहांटेचा धक्का बसला होता. दख्खनचें काळें पठार हालत नाहीं, ही समजूत खरें पाहतां तेव्हांच सोडावयास हवी होती.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. नकाशा जमिनीविषयीं बोलतो, घराविषयीं बोलत नाहीं. जमीन हालल्यानें सहसा कोणी मरत नाहीं. मनुष्य मरतो तो आपल्याच भिंतीखालीं व आपल्याच छपराखालीं. म्हणून नुकसानीचा अदमास काढणारे लोक जितके जमिनीकडे पाहतात, तितकेच, किंबहुना अधिक, घरांकडे पाहतात.

हा अदमास तीन गोष्टींवरून काढतात. पहिली, धक्क्याची तीव्रता. वर्तमानपत्रांत येणारें रिश्टरचें माप भूकंपाच्या मूळच्या बळाचें असतें. एखाद्या गांवीं तो किती जोरानें जाणवला, हें त्यावरून कळत नाहीं. दिव्याची ज्योत एकच. पण तिचा समोरच्या पोथीवर पडणारा उजेड वेगळा आणि अंगणांत पोंचणारा वेगळा, तसेंच हें आहे. गांवोगांवच्या ह्या तीव्रतेसाठीं बारा पायऱ्यांचें एक माप आहे. मेदवेदेव, श्पॉनहॉयर व कार्निक ह्या तिघां शास्त्रज्ञांनीं तें १९६४ सालीं सिद्ध केलें आणि आपल्याकडेहि तें दीर्घकाळ वापरण्यांत आलें. पांचव्या पायरीस निजलेले लोक जागे होतात. सातवीस साध्या घरांचें नुकसान सुरू होतें. आठवीस कच्चीं घरें पडूं लागतात. किल्लारीस धक्का आठव्या पायरीच्याहि वर गेला होता.

दुसरी गोष्ट घरांची प्रतवारी. पहिल्या वर्गांत माती, कच्ची वीट व अनघड दगड ह्यांच्या भिंतींचीं घरें. दुसऱ्यांत भाजलेल्या विटांचीं किंवा घडीव दगडाचीं. तिसऱ्यांत लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचीं व चांगल्या लांकडी चौकटीचीं. तिसरी गोष्ट नुकसानीची इयत्ता. ती पांच प्रकारची मानतात: केसासारख्या भेगा, लहान तडे व गिलाव्याचे पडलेले पोपडे, मोठ्या व खोल भेगा, भिंतीचे भाग ढांसळणें, आणि शेवटीं सबंध घर बसणें. कोणत्या पायरीस कोणत्या वर्गाच्या शेंकडा किती घरांना कोणत्या इयत्तेची इजा होते, ह्याचे ठोकताळे जुन्या भूकंपांतील पाहणीवरून बसविलेले आहेत. मग उरतो केवळ त्रैराशिकाचा हिशेब.

तो हिशेब वाचकांस समजावा म्हणून शंभर घरांची एक आळी कल्पूं. हे आंकडे बाभुळगांवचे नव्हत, केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. तींत साठ घरें मातीचीं, तीस भाजलेल्या विटांचीं व दहा काँक्रीटच्या सांगाड्याचीं आहेत. धक्का आठव्या पायरीचा बसला, तर पहिल्या वर्गांतील निम्म्यापासून पाऊणपर्यंत घरांच्या भिंती ढांसळतात, म्हणजे तीसपासून पंचेचाळीस घरें गेलीं. विटांच्या घरांपैकीं तितक्याच प्रमाणांत, म्हणजे पंधरापासून बावीस घरांना, मोठ्या भेगा पडतील. आणि सांगाड्याच्या दहांपैकीं पांचसात घरांना लहान तडे जाऊन निभावेल. तोच धक्का एक पायरी खालीं, सातवा, असता तर मातीच्या घरांना बहुतेक मोठ्या भेगाच पडत्या आणि ढांसळणारीं घरें थोडीं निघतीं. आतां घरटीं पांच माणसें धरलीं आणि वेळ पहांटेची धरली, तर आठव्या पायरीस दीडशेंपासून सव्वादोनशें माणसें पडत्या भिंतींजवळ निजलेलीं असणार. वेळ कापसाच्या वेचणींतील दुपारची असेल, तर त्यांतील बरींचशीं शेतांत असतील. घरें तींच, धक्का तोच. परंतु मृत्यूंचा आंकडा वेगळा.

हा हिशेब देशाच्या प्रमाणावरहि झालेला आहे. खानेसुमारीच्या वेळीं येणारा गणक आपल्या घराच्या भिंती कशाच्या व छप्पर कशाचें असें विचारतो, तेव्हां पुष्कळांस तो प्रश्न निरर्थक वाटतो. त्याच उत्तरांवरून बांधकामसाहित्य व तंत्रज्ञान ह्यांसंबंधींच्या केंद्र सरकारच्या परिषदेनें १९९७ सालीं जिल्हावार कोष्टकें व नकाशे असलेला एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. २००६ व २०१९ सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. भूकंप, वारा व पूर ह्यांपासून कोणत्या जिल्ह्यांतील किती घरांना किती भय आहे, हें त्यांत मांडलेलें आहे. अर्थात् हा अदमास विम्याच्या कोष्टकासारखा असतो. हजार माणसांपैकीं किती मरतील हें विमेवाला सांगतो. आपले शेजारी केव्हां मरतील हें सांगत नाहीं. तसेंच हें कोष्टक शंभर घरांविषयीं बरेंचसें खरें. एकट्या आपल्या घराविषयीं जाणून घ्यावयाचें, तर तें घरच उघड्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे.

पाहावयाचें काय, हें किल्लारीच्या भिंतींनीं शिकविलें आहे. तेथील घरांच्या भिंती हात-दीड हात रुंद, दगडाच्या व दिसण्यांत किल्ल्यासारख्या. पण आंत चुना नव्हता, माती होती. बाहेरच्या अंगास एक थर, आंतल्या अंगास एक थर, आणि मधल्या पोकळींत लहान दगड व माती भरलेली. ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत पोंचणारे आरपार दगड फारच थोडे. धक्का बसतांच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले व एक अंगणांत आणि एक माणसांवर पडला. वर माळवदाची माती. पाऊस गळूं नये म्हणून दर कांहीं वर्षांनीं नवी माती टाकावयाची, जुनी काढावयाची नाहीं. असें करतां करतां छपराचें ओझें पिढ्यानपिढ्या वाढत गेलें होतें. उन्हाळ्यांत जी भिंत थंडावा देते आणि चोरापासून राखते, तीच त्या पहांटे घातक ठरली. जेथें छपराचा भार लांकडी खांबांवर नीट तोललेला होता, तेथें भिंती पडूनहि छप्पर वरच राहिलें व आंतलीं माणसें वांचलीं, असेंहि पुष्कळ ठिकाणीं दिसून आलें.

मग जुनें सारें पाडून काँक्रीट करावें काय? इतकें सोपें तें नाहीं. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां त्याच्या केंद्रापासून दोनशें किलोमीटरांहूनहि दूर असलेल्या अहमदाबादेंत काँक्रीटच्या कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकीं बहुतेकांत तळमजला मोटारींसाठीं मोकळा सोडलेला होता. वर भिंतींनीं भरलेले मजले आणि खालीं नुसते खांब. उलट १९३१ सालीं बलुचिस्तानांत भूकंप झाल्यावर रेल्वेच्या एस. एल. कुमार नांवाच्या तरुण इंजिनिअरानें क्वेट्टा येथें नोकरांसाठीं भूकंपाचा विचार करून घरें बांधविलीं. लोखंडी रूळ वापरून त्यानें भिंतींना सांगाडा दिला होता. ३१ मे १९३५ च्या पहांटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालें. हीं घरें मात्र उभीं राहिलीं. सामान जुनें कीं नवें, महाग कीं स्वस्त, ह्यावर सर्व अवलंबून नाहीं. भिंत भिंतीशीं, भिंत छपराशीं आणि सारें पायाशीं नीट बांधलेलें आहे कीं नाहीं, ह्यावर आहे.

आतां बाभुळगांवाकडे वळूं. विदर्भाच्या इतर गांवांप्रमाणेंच येथेंहि सर्व तऱ्हेचीं घरें एकमेकांस खेटून उभीं असतात: कुडाच्या भिंतींचीं, पांढऱ्या मातीच्या भिंतींवर कवेलू किंवा टिनें घातलेलीं, धाब्याचीं, जुन्या वाड्यांचीं, आणि विटा-सिमेंटवर स्लॅब टाकलेलीं. कुडाचें घर दरिद्री दिसतें, परंतु तें हलकें असतें व पडलें तरी सहसा जीव घेत नाहीं. जड मातीची भिंत व जड धाबें ह्यांची जोडी अधिक भयंकर. त्यांत आमच्या काळ्या जमिनीची भर. ही जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत फाटते, त्यामुळें भूकंपावांचूनहि भिंतींना तडे जातात. असा तडा गेलेली भिंत धक्क्याच्या वेळीं आधींच अर्धी हरलेली असते.

बाभुळगांवास नगरपंचायत आहे. घरपट्टीची आकारणी करतांना बांधकाम कच्चें कीं पक्कें, ह्याची नोंद व्हावयाचीच असते. त्याच नोंदींत घराचें वय, मजले व राहणारीं माणसें हीं तीन सदरें वाढविलीं, आणि शाळा, दवाखाना व बाजार ह्यांच्या इमारती एखाद्या जाणत्या इंजिनिअराकडून पाहून घेतल्या, तर गांवाचा अदमास फारशा खर्चावांचून तयार होईल. त्यावरून कोणती आळी आधीं दुरुस्त करावी, कोणता बोळ ढिगाऱ्यानें बंद होईल, कोणत्या शाळेंत मुलें बसवूं नयेत, हें आगाऊ कळेल. किल्लारीस अरुंद गल्ल्या दगडांनीं भरून गेल्या आणि मदतीस आलेल्यांस आंत शिरतां येईना, हें विसरतां कामा नये.

परंतु नगरपंचायतीनें तिचें काम करीपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें नाहीं. आमचे बहुतेक वाचक एकत्र कुटुंबांत राहणारे. त्यांच्याकडे वडिलोपार्जित वाडा असतो, आणि वाड्याबरोबर वाड्याचे वादहि असतात. आम्हांस जी गोष्ट विशेष सांगावयाची आहे ती ही कीं, ह्या वादांमुळें वाडा जितका दुबळा होतो तितका पावसानेंहि होत नाहीं. वांटणी व्हावयाची म्हणून सामाईक भिंतीस कोणीच हात लावीत नाहीं. थोरल्यांच्या वांट्यास ओसरी येते. तेथें दुकान काढावयाचें म्हणून मधला खांब काढून टाकतात. धाकटे आपल्या भागावर, खालची भिंत मातीचीच ठेवून, विटांची खोली चढवितात. मधले धाब्यावर हजार लिटरची टांकी बसवितात. प्रत्येकानें आपल्यापुरतें सोयीचें केलेलें असतें, आणि घर मात्र एकाच पायावर व एकाच भिंतींवर उभें असतें. धक्क्यास वांटणीपत्र दाखवितां येत नाहीं.

दुसरी गोष्ट निजण्याच्या जागांची. वाड्याचा नवा, पक्का भाग साहजिकच नव्या जोडप्यांस व पाहुण्यांस मिळतो. सर्वांत जुन्या भागांत, माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलींत, आजी व तिला बिलगून निजणारीं नातवंडें असतात. आजीस ती खोली सोडवत नाहीं, देवघर जवळ असतें, हेंहि खरें. पण वर सांगितलेल्या हिशेबांत ज्या रकान्यांत बळी मोजले जातात, तो रकाना ह्या खोलीनें भरतो. एखाद्या घरीं दुरुस्तीस पैसे एकाच खोलीपुरते असतील, तर तीच खोली आधीं घ्यावी; आणि पैसे मुळींच नसतील, तर आजीचें अंथरूण हलविण्यास पैसे लागत नाहींत.

दुरुस्तीचे उपाय फारसे अवघड नाहींत. धाब्यावरची निरुपयोगी माती उतरवून ओझें कमी करावें. दगडाच्या भिंतींत ठिकठिकाणीं भोंक पाडून आरपार लोखंडी आंकडा घालावा व तें काँक्रीटनें भरावें, म्हणजे दोन्ही थर एकमेकांस धरून राहतात. नवी खोली बांधतांना दारांच्या व खिडक्यांच्या वर, घराच्या चारी भिंतींवरून अखंड फिरणारा, सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा द्यावा. कमरपट्ट्यासारखा तो सर्व भिंती एकत्र आवळून धरतो. दारें-खिडक्या कोपऱ्याला भिडवूं नयेत. मातीच्या भिंतीवर मजला कदापि चढवूं नये. खांब किंवा भिंत काढावयाची असेल तर गवंड्याच्या शब्दावर न विसंबतां इंजिनिअरास विचारावें. आणि जें आजच्या आज होण्यासारखें आहे तें हें: निजण्याच्या जागेवरच्या फळीवरून पितळेचे हंडे खालीं घ्यावे, उंच कपाट भिंतीस खिळवावें, आणि रात्रीं बाहेर जाण्याच्या वाटेंत सामान रचूं नये.

कोणी म्हणेल, जो भूकंप कदाचित् शंभर वर्षें येणारहि नाहीं त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें कीं, ह्यांतील एकहि काम वायां जाणारें नाहीं. जी भिंत धक्का सोसते ती अतिवृष्टीहि सोसते. आणि पावसाळ्यांत मातीच्या भिंती पडून माणसें दगावल्याची बातमी विदर्भांत एकाहि वर्षीं चुकत नाहीं. भूकंप न आला तरी ती बातमी आपल्या घराची नसेल, एवढा लाभ पुरेसा आहे.

दिवाळीच्या आधीं घरोघरीं साफसफाई व रंगसफेदी होते. रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वीं घरच्या कर्त्या मंडळींनीं, वेगळ्या चुली झालेल्या भावांसह, एक सकाळ वाड्यांतून सावकाश हिंडावें. कोणती भिंत फुगली आहे, कोठें तडा वरपासून खालपर्यंत गेला आहे, कोणत्या तुळईचें टोंक कुजलें आहे आणि कोणत्या छपराखालीं कितीजण निजतात, हें वहींत लिहून काढावें. तड्याच्या दोन्ही टोंकांशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख घालावी. वर्षानें तो किती वाढला तें कळेल. रंगाचा हात फिरल्यावर तडे दिसेनासे होतात, म्हणून ही पाहणी रंगाच्या आधींच झाली पाहिजे.